पाणीपट्टीचें बिल आणि कोपऱ्यावरची टपरी

राजकारण म्हटलें कीं आपल्या सुशिक्षित कुटुंबांतील मंडळींची दृष्टि एकदम दिल्लीकडे वळते. लोकसभेंत कोण काय बोललें, परराष्ट्रांशीं कोणता करार झाला, ह्यांविषयीं रात्रीच्या जेवणानंतर घरोघर तावातावानें वाद होतात. परंतु त्याच घराच्या नळाला येणाऱ्या पाण्याची आकारणी कोणत्या हिशेबानें होते, आणि मुलांच्या शाळेच्या फाटकापासून तंबाखूची टपरी किती अंतरावर असावी हें कोणी ठरविलें आहे, असें विचारलें तर दहा माणसांच्या घरांत एखादाच नेमकें उत्तर देऊं शकेल. वास्तविक दिल्लीच्या पुष्कळशा निर्णयांपेक्षां ह्या दोन गोष्टी आपल्या उंबरठ्याला अधिक लागून आहेत. म्हणून ह्या लेखांत त्यांचाच थोडा विचार करण्याचें योजिलें आहे.

पाण्याची पट्टी आणि तंबाखूची विक्री ह्यांची सांगड घातलेली पाहून वाचकांस प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल. पण कोणत्याही नगरसभेची कार्यक्रमपत्रिका उघडून पाहावी. असेच विषय तींत एकापाठोपाठ एक येत असतात. पहिल्या विषयांत नगरपालिका आपल्यापासून कांहीं घेते आणि दुसऱ्यांत ती आपल्या वतीनें कोणाला तरी अडविते. कर घेणें आणि नियम घालणें, ह्या दोन हातांनींच स्थानिक सत्ता काम करीत असते. आणि हे दोन्ही हात न्यायानें चालतात कीं नाहीं, हें पाहण्याची जबाबदारी शेवटीं नागरिकाचीच आहे.

जुना वारसा

हा विषय आपल्याकडे नवा नाहीं. लॉर्ड रिपन ह्यांचा स्थानिक स्वराज्याविषयींचा प्रसिद्ध ठराव १८८२ सालचा. परंतु त्यापूर्वींच, १८७६ ते १८८२ ह्या काळांत, जोतीराव फुले हे पुणें नगरपालिकेचे सभासद होते. शहरांत दारूचीं दुकानें वाढत चाललीं आहेत हें पाहून १८८० सालीं त्यांनीं नगरपालिकेला पत्र लिहिलें आणि त्या गोष्टीकडे तिचें लक्ष वेधलें. मादक पदार्थांची विक्री हा केवळ विकणारा आणि विकत घेणारा ह्या दोघांमधील व्यवहार नसून तो साऱ्या वस्तीच्या आरोग्याचा प्रश्न आहे, ही दृष्टि आपल्याकडे इतकी जुनी आहे. पुढें गोपाळ कृष्ण गोखले ह्यांच्यासारख्या अखिल भारतीय कीर्तीच्या पुरुषानेंही त्याच नगरपालिकेचें अध्यक्षपद सांभाळलें. नळ, गटारें आणि रस्त्यावरचे दिवे हे विषय त्यांना क्षुद्र वाटले नाहींत.

१९९२ सालीं चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती झाली आणि १ जून १९९३ पासून ती अमलांत आली. तिनें राज्यघटनेला जोडलेल्या बाराव्या अनुसूचींत पाणीपुरवठा आणि सार्वजनिक आरोग्य हे दोन्ही विषय नगरपालिकांच्या कामांत गणलेले आहेत. म्हणजे अधिकाराला आतां घटनेचा आधार आहे. तथापि अधिकार कागदावर असणें आणि तो लोकांच्या प्रतिनिधींनीं वापरणें ह्यांत अंतर पडूं शकतें. २०२२ नंतर कांहीं वर्षें पुणें, मुंबई ह्यांसह अनेक महापालिकांचा कारभार निवडून आलेल्या सभासदांवांचून प्रशासकांकडून चालला. आणि त्या काळांत करांविषयीं आपलें म्हणणें नेमकें कोणापुढें मांडावें, हें सामान्य गृहस्थास कळेनासें झालें होतें.

आकारणी होते कशी?

पाण्याची आकारणी करण्याच्या मुख्यतः तीन रीती आहेत. पहिली रीत घराच्या मूल्यावरून पट्टी बसविण्याची. हें घर भाड्यानें दिलें असतां वर्षाकाठीं जें वाजवी भाडें येईल, त्यांतून दुरुस्तीखातीं १० टक्के वजा घालून जी रक्कम उरते तिला करयोग्य मूल्य म्हणतात, आणि त्याच्या शेंकडा अमुक इतकी पाणीपट्टी ठरते. (मुंबईनें मालमत्ताकरासाठीं २०१० पासून भाड्याऐवजीं भांडवली मूल्याचा पाया स्वीकारला आहे.) दुसरी रीत नळजोडाच्या व्यासावरून वर्षाची ठोक रक्कम घेण्याची, लहान नगरपालिकांत ती पुष्कळ ठिकाणीं आढळते. तिसरी रीत मीटर बसवून, जितकें पाणी वापरलें तितक्याचे पैसे घेण्याची.

ह्या तिन्ही रीतींत गुण आहेत आणि दोषही आहेत. पहिल्या रीतीनें धनवानाकडून अधिक आणि गरिबाकडून कमी घेतलें जातें हें खरें. परंतु पाणी जपून वापरणाऱ्यास तिच्यांत कांहींच बक्षीस नाहीं. मोठ्या वाड्यांत राहणारें वृद्ध जोडपें दिवसाला चार बादल्या पाणी वापरून भरपूर पट्टी भरतें, आणि लहान घरांत नळ सोडून गाडी धुणारा मनुष्य थोडक्यांत सुटतो. दुसरी रीत हिशेबाला सोपी, पण ज्या वस्तींत दिवसाआड पाणी येतें तिच्याकडूनही ती चोवीस तास पाणी मिळणाऱ्या वस्तीइतकेंच पैसे घेते. तिसरी रीत सर्वांत न्याय्य दिसते. परंतु आपल्यासारख्या एकत्र कुटुंबांनीं जागरूकपणें विचार करावा तो हिच्याविषयींच.

एक नळ, नऊ माणसें

मीटरच्या पद्धतींत बहुधा चढते दर असतात. पहिल्या टप्प्यापर्यंत पाणी स्वस्त, त्यापुढें महाग, आणि आणखी पुढें गेल्यास फारच महाग. उधळपट्टीला आळा बसावा हा त्यामागील हेतु स्तुत्य आहे. प्रश्न इतकाच, कीं हा टप्पा माणसागणिक मोजावयाचा कीं नळागणिक?

उदाहरणादाखल अशी कल्पना करूं कीं एखाद्या नगरपालिकेनें दरमहा २० हजार लिटरपर्यंत स्वस्त दर ठेविला आहे. तीन माणसांच्या घराला त्या मर्यादेंत राहून माणशी दररोज सुमारें २२२ लिटर पाणी वापरतां येईल. आजी-आजोबा, दोन भाऊ, दोन सुना आणि तीन मुलें अशा नऊ माणसांच्या घराची मर्यादा मात्र माणशी ७४ लिटरांवरच संपेल. ज्या शहरांत भुयारी गटारें आहेत तेथें माणशी रोज १३५ लिटर पाणी मिळावें असें केंद्र सरकारचें मान्य प्रमाण आहे. त्या प्रमाणानें नऊ माणसांची मासिक गरज ३६ हजार लिटरांवर जाते. म्हणजे तिघांचें घर दीडपट वापर करूनही काटकसरी ठरलें, आणि नऊ जणांचें घर गरजेच्या निम्म्यावर भागवूनही उधळें ठरलें! वस्तुतः एका चुलीवर, एका नळावर आणि एका छपराखालीं राहणारें कुटुंब नगरपालिकेचा खर्च वांचवितें. एक जोड, एक मीटर, एकच बिल. त्या कुटुंबाला दंड व्हावा हें कोणाच्याही मनांत नसेल. पण हिशेबाचें एकक चुकलें कीं मनांत नसलेला अन्यायही घडून येतो.

हा दोष केवळ आपल्याकडेच संभवतो असें नाहीं. दक्षिण आफ्रिकेंत २००१ सालीं घरास दरमहा ६ हजार लिटर पाणी विनामूल्य देण्याचें धोरण ठरलें. माणशी रोज २५ लिटर आणि घरांत आठ माणसें, ह्या हिशेबानें ती मर्यादा निघते. परंतु जोहान्सबर्ग शहराच्या गरीब वस्त्यांत एकेका आवारांत ह्याहून कितीतरी अधिक माणसें राहत होतीं. त्यांचें पाणी महिना संपण्याच्या पुष्कळ आधींच संपे. प्रकरण त्या देशाच्या घटनान्यायालयापर्यंत गेलें आणि २००९ सालीं त्यानें नगरसभेचें धोरण अवाजवी नाहीं असा निर्णय दिला. त्यांतून घेण्याजोगा धडा हा, कीं माणसागणिक कीं घरागणिक हा प्रश्न दर ठरतेवेळींच सोडवून घ्यावयाचा असतो. तो मागाहून न्यायालय सोडवून देईल अशा भरंवशावर राहणें योग्य नव्हे.

आणि दर ठरण्याची वेळ आपल्या कायद्यानें स्पष्ट नेमून दिलेली आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाप्रमाणें पुढील आर्थिक वर्षाच्या करांचे दर २० फेब्रुवारीच्या आंत ठरवावे लागतात. तेव्हां जानेवारी महिना हा नागरिकांनीं बोलण्याचा महिना होय. एप्रिलमध्यें बिल हातीं पडल्यावर त्रागा करणें म्हणजे पेरणीच्या वेळीं झोपून मळणीच्या वेळीं शेतांत जाण्यासारखें आहे. आपल्या घरापुरती आकारणी चुकली असेल तर निराळा मार्ग आहे. नोटिशींत दिलेल्या मुदतींत लेखी हरकत घ्यावी, सुनावणीस हजर राहावें, आणि तरीही समाधान न झाल्यास न्यायालयांत अपील करावें. अपिलासाठीं मागणीची रक्कम आधीं भरावी लागते, हें मात्र विसरूं नये.

सवलतींचेंही तसेंच. पुण्यांत स्वतः राहत असलेल्या घराच्या मालमत्ताकराच्या आकारणींत १९७० पासून ४० टक्के सवलत मिळत होती. ती राज्य शासनाच्या हरकतीमुळें मध्यंतरीं बंद पडली आणि लोकांनीं लावून धरल्यामुळें २०२३ सालीं राज्य मंत्रिमंडळाच्या निर्णयानें पुन्हा सुरू झाली. परंतु सवलत सुटलेल्यांनीं 'पीटी-३' नांवाचा अर्ज भरून आपण त्या घरांत स्वतः राहतों ह्याचा पुरावा द्यावयाचा होता. सवलतीसाठीं भांडणें जितकें अगत्याचें, तितकाच तिचा अर्ज वेळेवर भरणेंही अगत्याचें आहे.

थकबाकीसंबंधीं एक गोष्ट एकत्र कुटुंबांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. मालमत्तेवरील कराचा पहिला बोजा कायद्यानें त्या मालमत्तेवरच असतो. अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत तर थकलेलें पाण्याचें बिल नगरसभा सुनावणी घेऊन मालमत्ताकराच्या यादींत चढविते. आपल्याकडे घर आजोबांच्या नांवें, राहणार तीन भाऊ, आणि बिल कोणीं भरावयाचें ह्याविषयीं प्रत्येकाचा समज निराळा, असा प्रकार विरळा नाहीं. अशा घरांत वर्षानुवर्षें व्याज वाढत जातें आणि पुढें वांटणीच्या वेळीं तीच रक्कम भावाभावांत कलहाला कारण होते. एका भावावर हें काम नेमून द्यावें, पावत्या एका वहींत चिकटवाव्या, वारसांचीं नांवें दप्तरीं लावून घ्यावीं. मीटर असल्यास रात्रीं सर्व तोट्या बंद करून त्याचा आंकडा टिपून ठेवावा आणि सकाळीं पाणी वापरण्यापूर्वीं पुन्हा पाहावा. आंकडा पुढें सरकला असेल तर कोठें तरी गळती आहे हें निश्चित.

शंभर यार्डांची रेषा

आतां दुसऱ्या विषयाकडे वळूं. २०१६-१७ सालच्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणांत महाराष्ट्रांतील १५ वर्षांवरील लोकांपैकीं २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या स्वरूपांत तंबाखूचें सेवन करतात असें आढळलें. पुरुषांत हें प्रमाण ३५.५ टक्के आणि स्त्रियांत १७ टक्के. विडी-सिगारेट ओढणारे अवघे ३.८ टक्के, धुरावांचून, म्हणजे चघळून, ओढून किंवा दांतांना लावून सेवन करणारे मात्र २४.४ टक्के.

स्त्रियांविषयींचा आंकडा कांहीं वाचकभगिनींस खरा वाटणार नाहीं. परंतु मशेरीला व्यसन न म्हणतां दंतमंजन म्हणण्याची, आणि तपकिरीला सर्दीवरील औषध म्हणण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. २००३ च्या केंद्रीय तंबाखू नियंत्रण कायद्याच्या अनुसूचींत विडी-सिगारेटीबरोबरच तपकीर आणि तंबाखू घातलेली दांतांची पूड ह्यांचीं नांवें स्पष्ट घातलेलीं आहेत. नांव बदललें म्हणून पदार्थ बदलत नाहीं.

ह्या कायद्यानें दोन रेषा आंखल्या आहेत. अठरा वर्षांखालील कोणासही तंबाखू विकतां येत नाहीं, आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारें ९१ मीटरांच्या, आंत ती कोणासच विकतां येत नाहीं. हें अंतर शाळेच्या कुंपणाच्या बाहेरील कडेपासून चहूंबाजूंस सरळ रेषेंत मोजावयाचें असतें. रस्त्याच्या वळणावळणानें नव्हे. दुकानावर ६० सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद अशी पाटी असली पाहिजे, आणि गिऱ्हाइकाच्या वयाची खात्री करून घेण्याची जबाबदारी विक्रेत्याची आहे. शिवाय महाराष्ट्रांत २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे. ती अन्नसुरक्षेच्या कायद्याखालीं असल्यामुळें त्या आज्ञेची मुदत वर्षाची असते आणि ती दरवर्षीं नवी करावी लागते. सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकण्यासही राज्य शासनानें सप्टेंबर २०२० मध्यें मनाई केली. कारण सबंध पाकीट ज्याला परवडत नाहीं अशा शाळकरी मुलाच्या हातीं पहिली सिगारेट सुटीच पडते.

एवढे नियम असूनही शाळेच्या भिंतीला टेकलेली टपरी आपण सारेच पाहतों. ह्याचें एक कारण शिक्षेंत आहे. २००३ च्या कायद्यानें ह्या अपराधाला कमाल दंड २०० रुपये ठेविला. दिवसाच्या विक्रींतून जो सहज भरतां येतो तो दंड नव्हे, तो धंद्याचा एक किरकोळ खर्च होय. २०१५ च्या बालन्याय कायद्यानें मात्र मुलाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. एक शिक्षा इतकी हलकी कीं तिची भीति वाटूं नये, आणि दुसरी इतकी जड कीं ती सहसा लावली जाऊं नये! मधला मार्ग परवान्याचा. तंबाखू विकणाऱ्या दुकानांस स्थानिक संस्थेनें परवाना द्यावा, आणि अशा दुकानांत बिस्किटें, पेयें इत्यादि मुलांस ओढून आणणारे जिन्नस ठेवूं देऊं नयेत, असें केंद्रीय आरोग्य मंत्रालयानें २०१७ सालींच राज्यांना लिहिलें होतें. नियम मोडल्यास परवाना जाईल ही भीति २०० रुपयांपेक्षां कितीतरी मोठी आहे.

एका लहान गांवाचें उदाहरण

यावर हटकून दोन आक्षेप निघतात. एका गांवानें नियम करून काय होणार, मुलें शेजारच्या गांवीं जातील; आणि गरीब टपरीवाल्यानें पोट कसें भरावें?

पहिल्या आक्षेपाला अनुभवानें उत्तर दिलेलें आहे. अमेरिकेंत बॉस्टनजवळ नीडम नांवाचें एक लहान गांव आहे. त्यानें २००५ सालीं तंबाखू विकत घेण्याचें वय एकवीसपर्यंत नेलें. असें करणारें तें त्या देशांतील पहिलें गांव. आसपासच्या गांवांत विक्री पूर्वींप्रमाणेंच चालू होती. तरीही २००६ ते २०१० ह्या चार वर्षांत तेथील विद्यार्थ्यांतील धूम्रपानाचें प्रमाण सुमारें १३ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलें. भोंवतालच्या गांवांतील घट त्या मानानें पुष्कळ कमी होती. मुलें व्यसन शोधीत दूर जात नाहींत. तें वाटेवर उभें असतें म्हणून तीं त्याला सांपडतात, हेंच त्यांतून दिसून आलें. पुढें न्यूयॉर्क शहरानें २०१३ सालीं तोच नियम केला, आणि डिसेंबर २०१९ मध्यें तो साऱ्या अमेरिकेचा कायदा झाला. आपल्या शेजारच्या कर्नाटक राज्यानेंही ही मर्यादा आतां एकवीस केली आहे. एका गांवच्या सभेंत झालेला ठराव चौदा वर्षांनीं राष्ट्राचा कायदा होतो, हें स्थानिक स्वराज्याचें खरें सामर्थ्य होय.

दुसरा आक्षेप मात्र हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. टपरीवाला हाही संसारी मनुष्य आहे, आणि बहुधा त्याच्याच मुलाला व्यसनाचा धोका सर्वांत जवळचा असतो. त्याला हुसकून लावणें सोपें. त्याला शंभर यार्डांपलीकडे जागा देणें किंवा वह्या, पेन्सिली, फळें विकण्याची सोय करून देणें अधिक कष्टाचें, पण तेंच न्यायाचें. जी नगरपालिका फक्त उठविते आणि बसवीत नाहीं, तिचा नियम आठ दिवसांत मोडतो.

ठराव आणि अंमल

नुसत्या ठरावानें काय होतें, ह्याचें कटु उदाहरण आपल्याच इतिहासांत आहे, आणि तेंही पाण्याचेंच. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या समाजास खुले करावे असा ठराव मुंबई कायदेमंडळानें १९२३ सालीं केला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळें खुलें केलें. तें कागदावर. प्रत्यक्ष त्या पाण्याला हात लावण्यासाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांना २० मार्च १९२७ रोजीं हजारों अनुयायांसह तेथें जावें लागलें, आणि त्यानंतर घडलें काय, तर त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें नगरपालिकेनें आपलाच ठराव मागें घेतला. शेवटीं १९३७ सालीं उच्च न्यायालयानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला. ठराव करणाऱ्या सभेंत शहाणे लोक नव्हते असें नाहीं. पण गांवांतील प्रतिष्ठित घरें त्या ठरावाच्या पाठीशीं उभीं राहिलीं नाहींत, हें सत्य आपल्या वर्गानें विसरूं नये.

आजचे प्रश्न त्या प्रश्नाच्या तोलाचे नाहींत, हें उघड आहे. तत्त्व मात्र तेंच आहे. नियमाचा अंमल सभागृहांत होत नाहीं, तो घराघरांत होतो. ज्या घरांतील वडील मंडळी बारा वर्षांच्या नातवाला 'जा, कोपऱ्यावरून पुडी घेऊन ये' म्हणून धाडतात, त्या घराला टपरीवाल्याविरुद्ध तक्रार करण्याचा नैतिक अधिकार उरत नाहीं. कारण त्या मुलाच्या हातीं पुडी देतांच दुकानदार अपराधी ठरतो, आणि त्याला अपराधी करणारे आपणच असतों. ज्या घरांत मीटरच्या आधींच्या नळाला गुपचूप जोड घेतलेला आहे, त्या घरानें पाणीपट्टींतील अन्यायाबद्दल बोलूं नये. उलट ज्या घरांत आजीबाईंनीं स्वतः मशेरीची डबी दूर ठेविली, त्या घरांतील मुलांना शंभर यार्डांची रेषा कोणी समजावून सांगावी लागत नाहीं.

तेव्हां सुज्ञ वाचकांस इतकीच विनंती, कीं यंदा जानेवारींत एक संध्याकाळ ह्या कामासाठीं काढावी. पाणीपट्टीचें मागील बिल सर्वांसमक्ष वाचावें. आकारणी कोणत्या रीतीची आहे आणि तींत घरच्या माणसांची संख्या धरली आहे कीं नाहीं हें पाहावें. आळींतल्या चार घरांनीं मिळून आपल्या प्रभागाच्या सभासदाकडे लेखी म्हणणें द्यावें. आणि मुलांच्या शाळेच्या कुंपणापासून शंभर यार्डांची रेषा एकदां दोरी धरून स्वतः मोजावी. आंत दुकान आढळल्यास मुख्याध्यापकांस आणि नगरपालिकेस कळवावें, व त्या दुकानदाराला दुसरी जागा मिळावी म्हणून त्याच अर्जांत दोन ओळी लिहाव्या. देशाचा कारभार सुधारण्याची संधि आपणांपैकीं थोड्यांनाच लाभते. आपल्या नळाचा आणि आपल्या रस्त्याच्या कोपऱ्याचा कारभार सुधारण्याची संधि मात्र प्रत्येक कुटुंबाला दरवर्षीं येते.